ट्रिगर विकत घेण्याआधी वजन लटकवून बघा

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरातलं पोरगं किंवा पोरगी शूटिंगला जाते त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी अशा ओळखीच्या घरात पाठवून द्या.

मुद्दा आधीच सांगतो. पिस्तूल नेमबाजी शिकणाऱ्या आपल्या पोरांच्या आईबापांना सध्या बाहेरचे ट्रिगर घ्यायला लावलं जातंय. बाहेरचे म्हणजे पिस्तुलाच्या मूळ कंपनीचे नव्हेत, वेगळे विकत घेऊन बसवायचे. बुलेटला वेगळा सायलेन्सर बसवतात तसंच. माझं त्या ट्रिगरशी भांडण नाही. त्यातले काही फार सुरेख बनवलेले असतात. भांडण एवढंच आहे की ट्रिगर विकायला माणसं आहेत, पण तो बसवणारा, तपासणारा आणि "तुला याची गरज नाही" असं तोंडावर सांगणारा माणूस आपल्या रेंजवर नाही. आणि त्याची किंमत पोरं भरताहेत.

मी कोण हे सांगायला? उद्यमनगरात टूलरूममध्ये वीस वर्षं काढली. डाय, फिक्श्चर, गेज हेच आयुष्य. गेली काही वर्षं संध्याकाळी पॉइंट टू-टू पिस्तूल चालवतो. मेडल वगैरे काही नाही, आवड आहे. त्यामुळं ट्रिगरकडं मी दोन्ही बाजूंनी बघतो, बोटाच्या बाजूनं आणि फिटरच्या बाजूनं.

कोल्हापूरला नेमबाजी शिकवायची गरज नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेती झाली. राही सरनोबतनं २०१३ मध्ये चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं आणि २०१८ च्या एशियाडमध्येही तिनं सुवर्णच मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या पोडियमवर उभा राहिला. त्यातच मनू भाकरनं पॅरिसला पिस्तुलात दोन पदकं घेतली. मग काय, रेंजवर पोरांची रांग लागली. चांगलंच झालं. पण रांग लागली की बाजारही येतो. ग्रिप आली, बूट आले, चष्मा आला आणि आता ट्रिगर आलाय.

आता ट्रिगर एवढा महत्त्वाचा का, ते समजून घ्या. हिशोब सोपा आहे. पिस्तुलाच्या मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर ३३ सेंटिमीटर धरा. बोट दाबताना पुढची साइट नुसती एक मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर छर्रा मधल्यापासून ३० मिलिमीटर बाजूला जातो. एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. म्हणजे दहाच्या जागी सात. एका मिलिमीटरनं तीन गुण गेले! आणि ही एक मिलिमीटरची हालचाल बहुतेक वेळा होते ती ट्रिगर ओढतानाच. म्हणून ट्रिगर हलका, स्वच्छ, न अडखळता सुटणारा हवा असं प्रत्येकाला वाटतं. त्यात चूक काहीच नाही.

पण याच कारणासाठी नियमानं खालची हद्द बांधून दिली आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर पिस्तूलचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा लागतो. २५ मीटरच्या पॉइंट टू-टू पिस्तूलचा कमीत कमी १००० ग्रॅमचा. तपासायची पद्धत आपल्या आजोबांनाही कळेल अशी आहे. रिकामं पिस्तूल चढवायचं, नळी आभाळाकडं करून उभं धरायचं, ट्रिगरच्या मधोमध वजनाचा हुक अडकवायचा आणि टेबलावरून वजन अलगद उचलायचं. ट्रिगर न सुटता वजन उचललं गेलं तर पास. सुटला तर नापास. एकूण तीन वेळा प्रयत्न करता येतो. हे मॅचच्या आधी होतंच, पण मॅच झाल्यावरही कुणालाही बोलावून तपासतात. तिथं नापास झालात तर थेट बाद. स्कोअर कितीही असो.

आता इथं एक गंमत आहे, आणि ती महाग पडते.

बाहेरच्या ट्रिगरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिकडं टार्गेट शूटिंगचा बुल्सआय नावाचा प्रकार फार जुना आहे. तिथली माणसं घरच्या टेबलावर पिस्तूल खोलतात, दुकानातून आणलेला ट्रिगरचा संच बसवतात आणि बसवतानाचा व्हिडिओ टाकतात. तिकडं ती रीतच आहे. त्यांच्या त्या खेळात पॉइंट टू-टू पिस्तूलच्या ट्रिगरची खालची मर्यादा आहे दोन पौंड. दोन पौंड म्हणजे किती? ९०७ ग्रॅम. आपल्या पोरांना ज्या नियमानं खेळायचंय तिथं १००० लागतात. म्हणजे व्हिडिओतल्या माणसानं त्याच्या नियमात अगदी चोख बसवलेला ट्रिगर आपल्या टेबलावर ९३ ग्रॅमनं नापास. त्याचंही चुकलं नाही, पोराचंही नाही. दोन वेगळे खेळ आहेत, आणि हे सांगायला मध्ये कुणी नव्हतं.

हे मी एका स्पर्धेत डोळ्यांनी पाहिलंय. मुलगी सतराएक वर्षांची, शेजारच्या तालुक्यातली. वडील पहाटे दूध गोळा करून डेअरीला घालणारे. पिस्तूल क्लबच्या परवान्यावरचं, ट्रिगर मात्र यांनी पैसे घालून आणलेला. कुणीतरी ओळखीच्यानं बसवून दिलेला. इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर तिन्ही वेळा वजन उचललं नाही. बाहेर येऊन घाईघाईत स्क्रू आवळला, परत रांगेत उभी राहिली, पास झाली. पण हातात आता वेगळाच ट्रिगर होता. तीन महिने बोटाला जी सवय लावली ती पाच मिनिटांत गेली. रॅपिडच्या फेरीत तीन सेकंद टार्गेट दिसतं आणि मग सात सेकंद जातं. त्या तीन सेकंदांत हात वर आणून एक गोळी. तिथं बोट विचार करत नाही, सवयीनं चालतं. तिची सवय जुन्या ट्रिगरची होती. पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही. वडील मागच्या खुर्चीत बसून विचारत होते, "सर, एवढं महागाचं घातलं, तरी असं कसं झालं?" त्यांना उत्तर कोण देणार होतं? विकणारा तर तिथं नव्हताच.

आता जरा फिटर म्हणून बोलतो.

"ट्रिगर बदलला" या एका शब्दात दोन वेगळी कामं येतात. पहिलं काम म्हणजे नुसती बोटाखालची पट्टी बदलणं. ती सपाट करणं, मागं-पुढं किंवा तिरकी करणं. बारा-तेरा वर्षांच्या पोरांची बोटं आखूड असतात, पट्टी लांब पडली की बोटाचं टोक तिरकं लागतं आणि पिस्तूल बाजूला ढकललं जातं. इथं बदल फायद्याचा असतो. पण ऐका, चांगल्या टार्गेट पिस्तुलात ही पट्टी सरकवायची सोय मूळचीच असते. पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्या टप्प्याचं वजन, ट्रिगर किती सरकायचा, सुटल्यानंतर कुठं थांबायचा, या सगळ्याला वेगवेगळे स्क्रू दिलेले असतात. सोबत पुस्तिका असते. ती कितीजणांनी उघडली?

दुसरं काम म्हणजे आतला संच बदलणं. सिअर, हॅमर, स्प्रिंग. सिअर म्हणजे चढवलेला हॅमर अडवून धरणारा छोटा पोलादी दात. हा दात किती खोल अडकतो यावर सगळा खेळ असतो. कमी अडकवला की ट्रिगर काचेसारखा तुटतो, हाताला फार गोड लागतो. फारच कमी अडकवला की बोल्ट पुढं आपटताच गोळी सुटते, किंवा एका दाबात दोन सुटतात. पॉइंट टू-टू ऑटोमध्ये हे होतं. रेंजवर डाव्या-उजव्या बाजूला दुसऱ्यांची पोरं उभी असतात, हे विसरू नका.

आणि ते "जरा पॉलिश मारून देतो" प्रकरण. उद्यमनगरातल्या कुणालाही विचारा, पृष्ठभाग कडक केलेल्या तुकड्यावर वरचा कडक थर किती पातळ असतो. केस हार्डनिंग केलेल्या सिअरवर दगड जास्त फिरला की तो थर जातो आणि खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. पहिला महिना ट्रिगर मस्त लागतो. मग रोज थोडा थोडा झिजतो. आज १०५० ग्रॅमला पास होणारा ट्रिगर दोन महिन्यांनी ९८० वर येतो, आणि पोराला पत्ताच नसतो. कळतं ते थेट स्पर्धेच्या टेबलावर. म्हणून म्हणतो, हे काम हात चांगला आहे म्हणून जमत नाही. कोणता भाग कसा कडक केलाय, तो किती अडकला पाहिजे, हे मापानं माहीत असावं लागतं.

कायद्याचंही बघा. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर पिस्तुलं याच गटात बसतात. तिथं ट्रिगरचं काम केलं तर प्रश्न फक्त नियमाचा आणि सुरक्षेचा. पण पॉइंट टू-टू हे अग्निशस्त्र आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही धरलेत. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणं शस्त्र विकायला, त्यात बदल करायला आणि दुरुस्त करायलाही परवाना लागतो. म्हणजे "आमच्या ओळखीचा एक लेथवाला आहे, एकदम भारी हात आहे" हे वाक्य पॉइंट टू-टूच्या बाबतीत त्या लेथवाल्यालाच गोत्यात आणणारं आहे. त्याला हे कुणी सांगत नाही. काम मैत्रीखातर होतं, आणि अडकला तर तो एकटा अडकतो.

मग कुणी म्हणेल, बाहेरच्या देशांतले शूटर सगळं हवं तसं करून घेतात, आमच्या पोरांनी काय साध्या ट्रिगरवर मरायचं? बरोबर प्रश्न आहे. पण ते करून घेतात कुणाकडून? वर्ल्ड कपला जा, मोठ्या पिस्तूल कंपन्यांचे स्वतःचे तंत्रज्ञ टेबल टाकून बसलेले असतात. शूटर त्याच्याकडं जातो, तो खोलतो, मापतो, जोडून देतो. त्यांच्याकडं ट्रिगर आहे आणि माणूसही आहे. आपण त्यातला अर्धाच भाग उचललाय, आणि तोही महाग अर्धा.

माणूस का महत्त्वाचा हे टोकियोत देशानं पाहिलं. मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला. घड्याळ चालूच होतं. दुरुस्तीत वेळ गेला, उरलेल्या गोळ्या घाईत माराव्या लागल्या, १२ वी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तेव्हा लोकांनी त्या पोरीला काय काय ऐकवलं ते आठवतं का? तीन वर्षांनी तिनं पॅरिसमध्ये उत्तर दिलं. ऑलिंपिकच्या शूटरचं असं होऊ शकतं, तर तालुक्यातल्या पोरानं मॅचच्या दिवशी कुणाकडं बघायचं?

आणखी एक गोष्ट, कुणाला टोचली तर टोचू दे. काही ठिकाणी ट्रिगर घ्या म्हणून सांगणारा आणि ट्रिगर आणून देणारा माणूस एकच असतो. सगळे कोच असे नाहीत. स्वतःच्या खिशातून छर्रे देणारे कोच मी बघितलेत. पण डॉक्टरनं चिठ्ठी लिहायची आणि औषधाचं दुकानही त्याचंच असायचं, ही व्यवस्था आपल्याला कुठंच पटत नाही. मग इथं का पटावी? पोरगं अडकलं असतं ते श्वासात, पकडीत, बोट सरळ मागं न नेण्यात. त्यावर औषध ड्राय फायर. गोळी न भरता ट्रिगर दाबायचा सराव. एअर पिस्तूलमध्ये त्याची सोय असते, पैसा लागत नाही. पॉइंट टू-टूमध्ये मात्र कोचला विचारून आणि स्नॅप कॅप वापरूनच करा, नाहीतर फायरिंग पिन खराब होते. पण ड्राय फायर विकता येत नाही ना! रोज अर्धा तास शेजारी बसून बघावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींत सांगतो. तिन्ही होण्यासारख्या आहेत.

एक. प्रत्येक रेंजवर, सरकारी असो की खाजगी, ५०० आणि १००० ग्रॅमचं तपासणीचं वजन असलंच पाहिजे, आणि ते कपाटात कुलूपबंद नको. कुठल्याही पोरानं कोचसमोर, रिकाम्या पिस्तुलावर, कधीही फुकट तपासावं. खर्च विचाराल तर ४० मिलिमीटरचा पितळी बार साधारण ४७ मिलिमीटर लांब कापला की अर्धा किलो होतो. वरून हुक लावायचा, हुकासकट काट्यावर नेमकं ५०० करायचं. उद्यमनगरात दुपारच्या चहाच्या आत होणारं काम. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या वजनावर सरकारी शिक्का लागतो. तर ज्या वजनावर पोराचं वर्ष ठरतं ते रेंजवर नसावं, हे पटतं का?

दोन. जिल्ह्याला एक शिकलेला आर्मरर. क्रीडा खात्यानं मनावर घ्यावं. आयटीआयमधून दरवर्षी फिटर, टर्नर, मशिनिस्ट बाहेर पडतात. त्यातल्या निवडक पोरांना शस्त्र दुरुस्तीचं रीतसर शिक्षण द्यावं, परवान्याचं काम प्रशासनानं मार्गी लावावं, आणि महिन्यातून एक दिवस त्यानं प्रत्येक रेंजवर बसावं. त्याच्या वहीत प्रत्येक पिस्तुलाची नोंद असावी. तारीख, ट्रिगरचं वजन, काय बदललं, कुणी बदललं. ज्या गावात पंपापासून क्रँकशाफ्टपर्यंत सगळं बनतं, त्या गावाला हे अवघड नाही. हात आहेत, शिक्षण आणि कागद नाहीत.

तीन. कोचनं किंवा क्लबनं आपल्याच विद्यार्थ्याला साहित्य विकू नये. विकायचंच असेल तर आपल्याला त्यात काय मिळतं ते पालकांना लिहून द्यावं. पावती पक्की. आणि कोणताही ट्रिगर घ्यायच्या आधी पालकांना तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली पाहिजेत: आत्ताच्या ट्रिगरचं वजन किती भरलं? त्याचे मूळचे स्क्रू लावून बघितले का? नवा बसवणार कोण, आणि त्याला तो हक्क आहे का?

आईबापांना हात जोडून एवढंच सांगतो. पोरगं हट्ट करेल, मित्राच्या पिस्तुलाला आहे म्हणेल, व्हिडिओ दाखवेल. रागावू नका, पण पैसेही लगेच काढू नका. आधी रेंजवर जा आणि म्हणा, "सर, जरा वजन लावून दाखवा." वजन निघालं, लावलं, आकडा सांगितला, तर तुमचं पोर चांगल्या हातात आहे. त्या सरांनी बदल करा म्हटलं तर बिनधास्त करा. वजनच नाही म्हणाले, तर मग ट्रिगरचा विषय तिथंच थांबवा आणि वजनाचा विषय सुरू करा.

ज्यांना कामासाठी जागा आणि बार हवाय त्यांनी मेसेज करा. आपल्या भागातल्या रेंजना वजनं मी स्वतः टर्न करून देईन, मजुरी नको. काट्यावर तपासून घ्यायची जबाबदारी मात्र तुमची.

आणि कमेंटमध्ये फक्त एकच लिहा. रेंजचं नाव नको, कुणाचं नाव नको. नुसता तालुका, आणि वजन आहे की नाही. आहे किंवा नाही. पुढच्या आठवड्यात ही यादी घेऊन क्रीडा अधिकाऱ्यांना भेटायला जाणार आहे. सोबत यायचं असेल तर तेही लिहा.